काम्वेंडो मॅडमचं अनेकवचन

फायनेस कालिझाच्या पेपरात चिसाले सरांनी तेवीस लाल गोळे काढले होते, आणि तेवीसही एकाच शब्दाभोवती.

तामंदानी तो पेपर घेऊन शिक्षकांच्या खोलीतल्या खिडकीपाशी गेली. मे महिन्याची, म्हणजे इकडच्या हिवाळ्याची सकाळ होती. डेडझाच्या डोंगरावरून उतरलेलं धुकं अजून मैदानातून हललं नव्हतं, आणि पलीकडच्या रस्त्यावर बटाट्याच्या बादल्या मांडून बसलेल्या बायका चितेंजे, कमरेला गुंडाळायची ती छापील कापडं, डोक्यावरून ओढून घेऊन थंडीला शिव्या घालत होत्या. विषय होता, 'मला जिच्याबद्दल आदर वाटतो अशी व्यक्ती'. फायनेसने काम्वेंडो मॅडमवर लिहिलं होतं. काम्वेंडो मॅडम म्हणजे तामंदानीची आई. तिला जाऊन सहा आठवडे झाले होते, आणि तिचा इंग्रजीचा वर्ग आता तामंदानी घेत होती. मातीच्या दिवशी उतरवलेले तामंदानीचे केस आता कुठे नखभर वाढले होते.

पेपरात आई कुठेही 'शी' नव्हती. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ती 'दे' होती. इंग्रजीत एका बाईला 'शी' म्हणायचं आणि अनेकांना 'दे', हे पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. पण इथल्या चिचेवा भाषेत मोठ्या माणसाला एकेरी बोलण्याची सोयच नाही. आई आली असं कोणी म्हणत नाही, आई आल्या. चालता यायच्या आधी मुलं हे शिकतात, आणि न शिकणाऱ्यांना चापट बसते. त्यामुळे या शाळेत दर वर्षी कोणाचे तरी वडील इंग्रजीत अनेक होतात आणि कोणाच्या तरी आजीचा जमाव होतो. आईने सव्वीस वर्षं ही चूक सुधारली होती.

एका गोळ्याला अर्धा गुण. विसातून साडेअकरा गेले, उरले साडेआठ. पास व्हायला दहा हवेत.

"सर, ही एकच चूक आहे," तामंदानी म्हणाली.

हेडमास्तर चिसाले हजेरीपट जुळवत होते. त्यांनी मान वर केली नाही. "तेवीस आहेत. मी दोनदा मोजल्या."

"एकच चूक तेवीस वेळा. आई अशी चूक एकदाच धरायची."

"तुमच्या आईंचा मला आदर आहे. पण बोर्डाचे परीक्षक तुमच्या आईंचे विद्यार्थी नाहीत. ते प्रत्येक वेळी धरतात."

"मग तिला समज द्या. यादीतून नाव कशाला काढता?"

आता त्यांनी वर पाहिलं. सराव परीक्षेत जो इंग्रजीत नापास, त्याचं नाव बोर्डाच्या यादीत जाणार नाही, हा नियम त्यांनीच यंदा केला होता. गेल्या साली एकसष्टांतले चौदा पास झाले होते, आणि जिल्ह्याच्या बैठकीत सरांना सगळ्यांसमोर उभं राहून कारणं द्यावी लागली होती. तिथून आल्यावर त्यांनी दहा तयार निबंध छापून आणले, मुलांना पाठ करायला लावले, आणि ज्यांना पाठ होत नव्हते त्यांची नावं वेगळी लिहून ठेवली. फायनेसने दहातला एकही वापरला नव्हता.

"इंग्रजीत नापास म्हणजे सगळ्यात नापास," ते म्हणाले. "प्रमाणपत्रच मिळत नाही. मग बसवायचं कशाला? पुढच्या वर्षी बसेल."

पुढचं वर्ष फायनेसला नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिच्या वडिलांनी मुलगी एकदा शाळेतून काढली होतीच. तिला परत आणायला तामंदानीची आई सहा किलोमीटर चालत गेली होती.

"तिला पुन्हा लिहू द्या," तामंदानी म्हणाली. "तोच विषय. तुमच्यासमोर."

"आणि नाही दिलं तर?"

"तर उद्यापासून चौथ्या वर्षाचा वर्ग तुम्ही घ्या. मला झोंबा शहरात परत जायचंच आहे. तिथल्या लायब्ररीत माझी खुर्ची अजून रिकामी आहे."

चिसाले सरांनी हजेरीपट मिटला. इंग्रजीचा दुसरा शिक्षक जिल्ह्याने अजून पाठवला नव्हता, आणि तो कधी येईल हे जिल्ह्यालाही ठाऊक नव्हतं. "उद्या सकाळी साडेसात," ते म्हणाले. "चाळीस मिनिटं. परवा दुपारी यादी जाते. आणि मिस काम्वेंडो, मॅडमची मुलगी आहात म्हणून हे ऐकून घेतोय."

"मी पण त्याच नात्याने बोलतेय सर."

फायनेस नळापाशी हात धूत होती. उंच, हाडकुळी मुलगी; तिचा स्वेटर कोपरावर निळ्या लोकरीने रफू केलेला. शिक्षकांशी बोलताना गुडघ्यात वाकायचं म्हणून ती वाकली, पण डोळे खाली घातले नाहीत.

"फायनेस, तुला 'शी' येत नाही?"

"येतं मॅडम."

"मग?"

"दुसरा प्रश्न बघा ना. त्यात गोष्ट आहे. कोंबडीला मी 'शी' लिहिलंय. बटाटे चोरणाऱ्या बाईला 'शी' लिहिलंय. बरोबर आहे की नाही?"

तामंदानीने पान उलटलं. बरोबर होतं. सगळीकडे बरोबर होतं.

"म्हणजे मुद्दाम केलंस."

"कोंबडीला जो शब्द, चोराला जो शब्द, तोच मॅडमना? मी नाही लावणार."

"अगं, इंग्रजीत तो अपमान नाही. राणीलाही 'शी'च म्हणतात."

"राणी त्यांची आहे. त्यांचं ते बघतील."

तामंदानीला हसू येण्यासारखं होतं, पण आलं नाही. ती म्हणाली, "माझ्या आईने आयुष्य घातलं ही चूक काढण्यात. ती असती तर म्हणाली असती, लिही 'शी' आणि पास हो. तिला चाललं असतं."

"त्यांना चाललं असतं," फायनेस म्हणाली. "मला नाही चालत. त्या होत्या तेव्हा मी परीक्षेत बरोबर लिहायचे. त्या बघायच्या, हसायच्या, त्यांना ठाऊक होतं मला काय म्हणायचंय. आता त्या बघणार नाहीत. मग कागदावर तरी त्या नीट राहू देत."

"यादीतून नाव जाईल."

"जाऊ दे."

"मी स्वतः इंग्रजीत आईला 'शी' म्हणते, फायनेस."

"तुम्ही मुलगी आहात. तुम्हाला चालतं." तिने ओले हात स्वेटरला पुसले. "आणि तुम्ही 'शी वॉज' म्हणता. ते मला त्याहून ऐकवत नाही."

दुपारच्या तासाला तामंदानीने चिसाले सरांचे छापील निबंध बाजूला ठेवले. वर्गात बातमी पोचलेली होती. सकाळच्या प्रार्थनेला सरांनीच विचारलं होतं, कोणाला तरी वाटतं की काम्वेंडो मॅडम एक नव्हत्या, मग किती होत्या ते सांगावं, तीन की चार? मागच्या बाकावरून आता कुजबुज आली, "ए फायनेस, मोजल्यास का मॅडम?"

"मोजल्या," फायनेस मागे न बघता म्हणाली. "तिघींचं काम करायच्या. तुझ्यासारख्यांसाठी एक वेगळी ठेवलेली होती, पण ती पहिल्याच वर्षी थकली."

वर्ग हसला. तामंदानीने हसू ओसरू दिलं आणि फळ्यावर दोन शब्द लिहिले: 'यू वॉज'.

"चूक!" चाळीस आवाज आले. "यू वेअर!"

"का? समोर एकच माणूस आहे. एकाला 'वॉज', अनेकांना 'वेअर'. मग एकट्या माणसाला 'यू वेअर' का?"

नियम सगळ्यांना पाठ होता, पण कारण कोणी कधी विचारलं नव्हतं.

तामंदानीला हे लायब्ररीतल्या एका जाड पुस्तकातून कळलं होतं. ते तिने आईलाही फोनवर सांगितलं होतं आणि आई म्हणाली होती, बघ, म्हणजे तेही कधीकाळी माणसंच होते. तिने मुलांना सांगितलं: पूर्वी इंग्रजीत समोरच्या एकट्या माणसासाठी वेगळा शब्द होता. 'यू' होता अनेकांसाठी. मग लोक मोठ्यांना 'यू' म्हणू लागले, मानाने, एकटा असला तरी. मग बरोबरीच्यांना. मग चुकून कोणाचा अपमान नको म्हणून सगळ्यांनाच. मान देता देता ते एकेरी शब्द पार विसरून गेले. 'वेअर' तेवढं मागे राहिलं, अनेकवचनाचं.

"म्हणजे गोरे आपल्यासारखंच बोलतात?" कोणीतरी विचारलं.

"समोरासमोर बोलताना, हो. पाठीमागे नाही."

"सगळेच पाठीमागे असं करतात," मागचा बाक म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला. फायनेस हसली नाही. ती फळ्याकडे बघत होती. तामंदानीला वाटलं, तिचं अजून ठरलेलं नाही.

साडेसातला फायनेस हेडमास्तरांच्या खोलीत टेबलाच्या टोकाशी बसली. चिसाले सरांनी घड्याळ काढून तिच्यासमोर ठेवलं. तामंदानी दाराशी उभी होती; तिला कागद दिसत नव्हता, फक्त हात दिसत होता. हात थांबत नव्हता. ती विचार करत होती की ही मुलगी 'शी' लिहीत असेल तर आपल्याला बरं वाटेल की वाईट.

चाळीस मिनिटांनी सरांनी कागद उचलला आणि लाल पेनचं टोपण काढलं. पहिली ओळ वाचून ते थबकले.

"हे काय? 'डिअर मॅडम'?"

"पत्र आहे सर."

"व्यक्तीवर लिहायचं होतं. पत्र कोणी सांगितलं?"

"प्रश्नात निबंध हा शब्द नाही," तामंदानी दारातून म्हणाली. तिने आदल्या दिवशी प्रश्न दहा वेळा वाचला होता. "व्यक्तीविषयी लिहा, एवढंच आहे. कसं लिहायचं ते मुलांवर सोडलंय."

सर वाचू लागले. सुरुवातीला मनातल्या मनात. मग चूक ऐकू तरी येईल म्हणून मोठ्याने. इंग्रजी साधं होतं, वाक्यं आखूड.

तुम्ही सगळ्यांच्या आधी शाळेत यायचात. तुम्ही कधी उशीर केला नाही. तो आम्ही केला. रोज सकाळी तुम्ही आम्हाला कालच्या दिवसावर पाच वाक्यं लिहायला लावायचात, आणि 'छान' हा शब्द वापरला तर पुन्हा लिहायला लावायचात. माझ्या वडिलांनी मला घरी बसवलं तेव्हा तुम्ही आमच्या अंगणात चटईवर बसलात, दिलेला रताळ्याचा तुकडा संपवलात, आणि त्यांना म्हणालात, क्रियापदं संपेपर्यंत ही माझी, मग तुमची. ते विचारत राहिले, किती क्रियापदं आहेत? तुम्ही आकडा सांगितला नाहीत. तुम्ही हुशार होतात.

यू वेअर. यू वेअर. यू वेअर. प्रत्येक ओळीत तो शब्द येत होता, आणि प्रत्येक वेळी पेन कागदावर झुकत होतं, अडत होतं, आणि पुढे सरकत होतं. गोळा काढण्यासारखं काही नव्हतं.

तुम्ही गेलात तेव्हा आम्ही जर-तरच्या वाक्यांच्या तिसऱ्या प्रकारावर होतो. जे घडलं नाही आणि आता घडणार नाही, त्याची वाक्यं. तो प्रकार तुमच्या मुलीने पुरा केला. ठीक शिकवलं.

तामंदानीने दाराची चौकट धरली. आईसाठी आलेली सगळी भाषणं तिने कोरड्या डोळ्यांनी ऐकली होती. पाद्री बोलले, शिक्षक संघटनेचे लोक बोलले, सगळ्यांनी आईला तिसरीच कोणीतरी करून टाकलं होतं. सहा आठवड्यांत आईशी बोललेलं हे पहिलंच काही तिच्या कानावर पडत होतं. तिने मान वळवून मैदानाकडे बघितलं आणि तशीच उभी राहिली.

"सापडली!" चिसाले सर म्हणाले. "'ॲडव्हायसेस'. इंग्रजीत सल्ला मोजत नाहीत. त्याचं अनेकवचन होत नाही." त्यांनी गोळा काढला, चांगला दोनदा फिरवून.

"ती चूक खरी आहे सर," फायनेस म्हणाली. "ती माझी."

साडेएकोणीस. सरांनी आकडा लिहिला, पण पेन खाली ठेवलं नाही. ते मागे रेलले. "ठीक. इथे तू निसटलीस. बोर्डाने असा प्रश्न दिला की ज्यात पत्र चालतच नाही, तर काय करशील? पुन्हा तेवीस?"

"नाही सर. मग मी असा एक पुरुष निवडीन, ज्याला मान द्यायची गरजच नाही. त्याच्यावर दोन पानं 'ही', 'ही', 'ही' लिहीन. एकही चूक होणार नाही."

तिचे गुडघे वाकलेले होते, हात एकावर एक घेतलेले, आवाज अगदी नम्र. चिसाले सरांनी लाल पेनला टोपण लावलं. वाक्य त्यांनी मनात पुन्हा एकदा तपासलं असावं; व्याकरण निर्दोष होतं, आणि नाव कोणाचं घेतलेलं नव्हतं.

त्यांनी खणातून यादी काढली. निळं पेन शोधायला त्यांना गरजेपेक्षा जास्त वेळ लागला.

"स्पेलिंग सांग," ते म्हणाले. "नावाचं."

"एफ, वाय—"

"एफ, आय असणार."

"वाय, सर."

"इंग्रजीत 'आय' लागतो."

"माझ्या नावात वाय आहे," फायनेस म्हणाली, आणि ते 'वाय' लिहीपर्यंत पुढचं अक्षर सांगितलं नाही.