छापील भावाचं इंजेक्शन

मित्रांनो, मी तंजावूरच्या एका औषधदुकानातला जुना फ्रिज आहे. मद्रासजवळच्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून लॉरीत बसून मी राजवाड्यामागच्या गल्लीत वादिराजांच्या दुकानात आलो. त्यांनी माझ्या दाराला हळदकुंकू लावलं. त्यांच्या पत्नी चंद्रमती यांनी त्याच दिवशी बजावलं, की यात दूध-दही ठेवायचं नाही. दुकानात माझा मान मोठा होता. वीज गेली, की वादिराज जेवण सोडून बर्फ आणायला धावत.

नव्वदीच्या दशकात नव्या कंपन्या आल्या, नवी औषधं आली. त्यांतच मूत्रपिंडाच्या रोग्यांसाठी रक्तवाढीचं एक इंजेक्शन होतं. ते थंडाव्यातच राहायचं, म्हणून माझ्या मधल्या कप्प्यात असे.

त्याच्या भावाची रीत वेगळीच होती. कंपनी दरयादी काढी आणि तोच भाव खोक्यावर छापी. सगळे त्यालाच खरा भाव मानत. गावातली एक बँक आपल्या नोकरांच्या औषधाचे पैसे देई, तेही छापील भावातून थोडी सूट कापूनच. दुकानदाराला मात्र माल फार स्वस्त पडे. ठोक व्यापारी सूट देई, शिवाय काही बाटल्या फुकट देई. छापील भावातल्या दर शंभर रुपयांमागे त्याला शेवटी पस्तीसच पडत, वरचा सगळा नफा. त्यामुळे जी कंपनी जास्त भाव छापी, तिचाच माल दुकानदार मागवत. कमी भाव छापणारीला कोणी विचारत नसे. कंपन्या वाढल्या, तसा छापील भावही वाढत गेला.

वादिराज काही लबाड नव्हते. सगळेच असं विकतात, तसं तेही विकत.

पापनाशमहून अंबुजा नावाची शिक्षिका दर आठवड्याला बसने येई. तिचा धाकटा भाऊ मणी आजारी होता. ती त्याला आपलं एक मूत्रपिंड देणार होती, पण त्याचं रक्त वाढल्याशिवाय शस्त्रक्रिया करायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिच्या शाळेकडून औषधाचा एक पैसाही मिळत नसे. छापील भाव मोजून ती बाटल्या बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवी आणि परतीची बस पकडी.

मग ती एका आठवड्याआड येऊ लागली. वादिराजांना वाटलं, मणीला बरं वाटत असेल. त्यांनी विचारलं, तेव्हा ती सहज म्हणाली, "नाही अण्णा. गळ्यातलं गेलं, आता वीणा विकायची आहे. तोवर निम्मंच देते त्याला."

माझं दार उघडून वादिराज तसेच उभे राहिले. एरवी दार क्षणभर उघडं राहिलं तरी ते ओरडत.

ती गेल्यावर त्यांनी चंद्रमतींपाशी मन मोकळं केलं. हिला कमी भावात द्यावं, तर बँक तोच भाव मागणार. मग खरा भाव फुटला म्हणून ठोक व्यापारी रागावणार, फुकटच्या बाटल्या बंद होणार. चंद्रमतींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"छापलेला भाव ही वरची हद्द आहे," त्या म्हणाल्या. "खाली उतरायला कोणाची मनाई आहे?"

पुढच्या खेपेस अंबुजा वीणा विकूनच आली. वादिराजांनी तिला स्वतःला पडलेल्या भावावर थोडेसेच पैसे लावून बाटल्या दिल्या. तिला वाटलं, ते दया करताहेत. ती परत करू लागली. तेव्हा त्यांना खरं सांगावंच लागलं. "अंबुजा, ही भीक नव्हे. मला जवळपास एवढ्यालाच पडतं."

मग तिने थर्मास उघडला.

अशी गोष्ट लपत नाही. बँकेतून माणूस आला आणि आमचंच बिल एवढं का, म्हणून विचारू लागला. वादिराजांनी खरं तेच सांगितलं. बँकेने आजवर जास्त घेतल्याचा ठपका ठेवून खातं दुसऱ्या दुकानात नेलं. ठोक व्यापाऱ्याने सूट कमी केली. एक वर्ष फार वाईट गेलं, स्कूटर विकावी लागली. पण कावेरीकाठच्या गावांतले रोगी विचारत विचारत येऊ लागले आणि दुकान तगलं. वादिराजांनी ते इंजेक्शन पुन्हा छापील भावात विकलं नाही.

मणीचं रक्त वाढलं. मद्रासला शस्त्रक्रिया झाली. काही महिन्यांनी बहीणभाऊ दोघं दुकानात आले. मणीने हौसेने माझं दार उघडून आत पाहिलं. त्याला आता माझ्यातलं काही नको होतं. त्याचा मला फार आनंद झाला.

पुढे माझं यंत्र थकलं. काचेच्या दाराचा नवा फ्रिज आला. मी मागच्या खोलीत आहे, माझ्यात आता कापसाचे गठ्ठे ठेवतात. दार नीट लागत नाही, म्हणून दोरीने बांधलं आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मित्रांनो, यंत्रं जपून वापरा. दारं हळू लावा. आणि घरात कोणी आजारी पडलं, तर खोक्यावरचा आकडा वाचून गप्प बसू नका. "तुम्हाला केवढ्याला पडतं?" असं दुकानदाराला विचारा. अंबुजाला हे कोणी शिकवलं नव्हतं, आणि तेवढ्यात तिची वीणा गेली.