राहिलेलं चित्रण

"शिडीवर तुम्हीच आहात ना?" विमा कंपन्यांच्या वकिलानं पडद्याकडे बोट दाखवत विचारलं.

रंगाऱ्यानं मान डोलावली. पडद्यावर तो स्वतःच्या दाराच्या चौकटीला रंग देत होता, तोही उजव्या हातानं. एका गाडीनं त्याच्या टेम्पोला ठोकलं तेव्हापासून उजवा खांदा कामातून गेला, असा त्याचा दावा होता. भरपाईचं नाव काढलं की त्या गाडीची विमा कंपनी टेम्पोच्या विमा कंपनीकडे बोट दाखवायची आणि टेम्पोची गाडीच्या कंपनीकडे. दावा कोर्टात गेल्यावर मात्र दोघींची गट्टी जमली. दोघींनी मिळून माणूस लावला आणि गुपचूप हे चित्रण करवलं.

रंगाऱ्याची वकीलबाई उठली. हा नुसता तुकडा आहे, पुढचंही हवाली करा, असं तिचं म्हणणं. उरलेल्याचा दाव्याशी संबंध नाही, असं पलीकडचं. बराच खल झाला. शेवटी न्यायाधीशांनी हुकूम दिला, जेवणाच्या सुट्टीनंतर सगळं चित्रण इथेच दाखवा.

व्हरांड्यात येताच रंगारी वकीलबाईला म्हणाला, "नको मॅडम. राहू द्या ते."

"अहो, त्यातच तर तुमचा खांदा दिसेल. जिंकायचं नाही का?"

त्यात काय आहे, ते त्याला ठाऊक होतं. शिडीवरून उतरल्यावर कळ अशी मस्तकात गेली होती, की तो पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला होता. बायको तेव्हा कामावर होती. ती आल्यावर त्यानं हसून दार दाखवलं होतं, खांदा आता मोकळा झालाय म्हणून सांगितलं होतं.

बाकावर बसलेल्या बायकोच्या कानावर हे गेलंच. ती उठून जवळ आली.

"दाखवू दे त्यांना. मी बाहेर बसते."

"तसं काही नाही गं त्यात..."

"रात्री कूस बदलता ना, तेव्हा मी जागीच असते," ती म्हणाली.

दुपारी चित्रण लावलं. रंगारी टेबलाच्या कडेकडे बघत बसला. चित्रण संपलं. कंपन्यांचा वकील वकीलबाईकडे वळला आणि तडजोडीचं बोलू लागला.

तो बाहेर येऊन बायकोशेजारी टेकला. ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "रंगाचा दुसरा हात नीट बसलेला नाही इथे."

त्यानंही मान तिरकी करून पाहिलं.

"घाई केली," तो म्हणाला. "पहिला वाळू द्यायला हवा होता."