पाचव्या मिनिटानंतर

"वेळ संपली," मास्तर म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांचे त्यांनाच अवघडल्यासारखे झाले.

टेलरच्या डाव्या हातातले पेन अजून वहीवर अडखळत होते. चार महिन्यांपूर्वी अर्धांगवायूने त्याचा उजवा हात नेला होता, आणि वाचाही. अकरा वर्षे तो, शाळेतले मास्तर, दवाखान्यातली सिस्टर आणि लिफ्टदुरुस्तीवाला ही चौकडी रविवारी दुपारी त्याच्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलाभोवती, एकच खेळ खेळत आली होती. पाळी आलेल्याने एखादा नवा नियम मांडायचा किंवा जुना बदलायचा. त्या क्षणापासून तो सर्वांवर बंधनकारक. शब्दांवरून वाद झाला, तर पुढच्या पाळीचा खेळाडू न्यायाधीश. त्याचा निवाडा अखेरचा, पण उरलेल्या तिघांनी हात वर केले तर रद्द.

'पाळी आल्यापासून पाच मिनिटांत नियम मांडावा; न मांडणारा खेळातून कायमचा बाद.' हा नियम टेलरचाच. दयामाया हवी असेल त्याने घरी पत्ते कुटावेत, असे तेव्हा त्याने सुनावले होते.

आज न्यायाधीश होता लिफ्टदुरुस्तीवाला. त्याने वहीतली ती नियमाची ओळ दोनदा वाचली.

"मांडावा म्हणजे लिहून पुरा करावा, असं कुठं म्हटलंय? पेन टेकलं, तिथंच मांडायला घेतला. बाद नाही."

मग पुढच्या रविवारपासून मीही एक अक्षर खरडून चहाला जाईन, असे मास्तर पुटपुटले. ते तसेही चहालाच जातात, असे सिस्टरने ऐकवले. सगळे हसले, आणि निवाडा पक्का झाल्यासारखाच झाला.

टेलर हसला नाही. चार महिने सून त्याचा घास बारीक करून देई, मुलगा त्याच्या वाटचे बोलून टाकी, गिऱ्हाइके त्याच्यादेखत त्याच्याविषयी दबक्या आवाजात विचारपूस करीत. या टेबलाशी तरी आपण तोलामोलाचे, म्हणून आज मुलाचा हात झिडकारून तो पायऱ्या उतरला होता. आणि इथेही, नियमाला मुरड घालून, त्याला कडेवर उचलून घेतले गेले होते.

त्याने पेन ठेवले आणि डावा हात वर केला.

"अरे, तुझ्याच बाजूनं दिलाय," लिफ्टवाला म्हणाला. "कळतंय ना तुला?"

हात ढळला नाही. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, आणि आपलाही हात उचलला. राहिली सिस्टर. तिची उभी हयात रुग्णांच्या उशा सारख्या करण्यात गेली होती.

"काका, खाली घ्या हात. हट्ट कशाला?"

टेलरने सावकाश मान हलवली. नाही. इतक्या महिन्यांत या माणसाला कोणी काही विचारलेच नव्हते, हे तिला उमगले असावे. तिने हात वर केला.

बाद झालेल्याने टेबलापासून दूर बसावे, हाही नियमच होता. टेलर उठला. एका हाताने पाठ धरून आपली खुर्ची भिंतीकडे ओढू लागला. तिचा पाय फरशीच्या फटीत अडकला, सुटला, पुन्हा अडकला. लिफ्टवाल्याने मांडीवरच्या मुठी आवळून धरल्या.

जागेवरून कोणीही उठले नाही.