धारक आणि संजीवक

धारकाला कुणी संजीवक म्हटलं की पियूषचं डोकं फिरायचं. एरवी माणूस अगदी गरीब. बँकेत गिऱ्हाईक अंगावर धावून आलं तरी हसून बोलणारा. पण रविवारी नागपुरात हुडकेश्वरला मित्राच्या, रजतच्या घरी खेळ मांडला, की त्याच्या अंगात यायचं. खेळ त्यानंच रचलेला होता. पृथ्वी मागे टाकून निघालेलं एक यान, त्यातली माणसं, आणि खेळणाऱ्या प्रत्येकानं घ्यायची एकेक भूमिका. यानावर काय संकट येतं, कोण वाचतं, कोण मरतं, हे सांगणारा सूत्रधार पियूष.

त्या भूमिकांमध्ये धारक आणि संजीवक दिसायला जुळी भावंडं. दोघंही जखमी माणसाच्या छातीवर हात ठेवतात, दोघांच्याही हातातून निळा उजेड निघतो. नवखा म्हणणारच, की दोघांतला एक असला म्हणजे झालं. तिथंच तर फसगत होती. संजीवकानं हात ठेवला की जखमी माणूस पुढच्या पाळीला उठून बसतो. धारकानं ठेवला तर तो मरत नाही, एवढंच. उठतही नाही. आणि धारकालाही तिथून हलता येत नाही. संजीवक येईपर्यंत मरण थोपवून धरायचं, हेच त्याचं काम. आता संजीवक येणारच नसेल, तर तो बिचारा नेमकं काय धरून बसलाय, हे त्याला विचारू नये.

रजत दरवेळी धारकच व्हायचा. आणि बाकीची मंडळी इतकी शहाणी, की 'रजत आहे ना' म्हणून संजीवक कुणीच व्हायचं नाही. मग कधी मिनल घायाळ व्हायची, कधी विक्की, आणि रजत आपला त्यांना धरून बसायचा.

"अबे, धारक आहे तू! तुह्यानं कोणी उठत नसते!" पियूष ओरडायचा.

"येईन ना बे कोणी," रजत म्हणायचा.

कुणी यायचं नाही. शेवटी सगळे त्या मरणाऱ्याच्या सोंगटीवर बोट ठेवायचे. 'सोडलं' हा शब्द धारकानंच म्हणायचा, दुसऱ्या कुणी नाही. मग सूत्रधारानं 'गेला' म्हणायचं. ते म्हटल्याशिवाय मरण पुरं होत नसे. सोंगट्या म्हणजे रजतच्या आईच्या, इंदुताईंच्या, शिवणाच्या डब्यातली बटणं. इंदुताई त्याच खोलीत ब्लाउज शिवत बसायच्या. "कोण गेलं गा आज?" एवढं विचारायच्या आणि पोह्यांवर तर्री वाढायला उठायच्या. त्यांना यातलं काही कळतं, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

आता रजत धंतोलीतल्या एका दवाखान्यात काचेपलीकडे पडला होता. रिंग रोडवर ट्रकनं त्याची गाडी उडवली होती. त्याचा श्वास मशीन घेत होतं. सकाळी डॉक्टरांनी पियूषला आणि रजतच्या मामांना, भैयाजींना, बाजूला नेलं. मेंदू संपलाय, म्हणाले. मशीन आहे तोवर छाती हलत राहील. ठेवायचं की काढायचं, ते घरच्यांनी ठरवा. घरचं म्हणजे इंदुताई. वडील कधीच गेले होते. भैयाजींनी पियूषच्या खांद्यावर हात ठेवला, "तू सांग बाप्पा, माह्यानं नाही होत," म्हणाले आणि चहाच्या निमित्तानं खाली उतरले, ते परत आलेच नाहीत.

इंदुताई काचेसमोरच्या बाकावर बसल्या होत्या. भेटायला आलेला प्रत्येक जण त्यांना 'सुधारणा आहे' सांगून गेला होता. असं खोटं बोलायला कुणाच्या बापाचं काय जातं? लिफ्टपर्यंतच तर तोंड सांभाळायचं असतं.

"पियूष, इकडं ये गा," त्या म्हणाल्या. "डॉक्टर इंग्रजीत बोलून गेले. भैयाजी तोंड लपवून राहिला. तू मले एक सांग. हे मशीन धारक आहे का संजीवक?"

इतकी वर्षं ही बाई खाली मान घालून टाके घालत होती आणि सगळं ऐकत होती. खरं उत्तर पियूषच्या ओठापर्यंत आलं. पण त्या मान वर करून, अशा आशेनं बघत होत्या, की त्याच्यानं ते बोलवलं नाही.

"संजीवक, काकू," तो म्हणाला.

इंदुताईंनी काचेतून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मंग तो उठून काहून नाही राहिला?"

पियूषनं काचेवरून नजर काढली.

"पुढच्या पाळीले उठते, असं तूच म्हणे ना? त्याच्यासाठीच तं भांडे तू सगळ्यायसंगं."

"धारक आहे, काकू." त्याचा आवाज फाटला. "धारकच आहे."

"अन् संजीवक? नागपुरात नसंन तं मुंबईत असंन..."

"कुठंच नाही, काकू."

त्या रडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त मूठ उघडली. तळहातावर कोटाचं काळं बटण होतं, रजतची सोंगटी. त्याच्या उशाशी ठेवायला आणलेलं, पण नर्सनं आत नेऊ दिलं नव्हतं.

"सोडलं, असं धारकच म्हणते ना? हे मशीन तं बोलत नाही," त्या म्हणाल्या. "मंग मीच म्हणते. मीच धरून बसली आहे त्याले."

"काकू, तो खेळ होता हो."

"मले समजते, बेटा. पण डॉक्टरले 'काढा' म्हणनं माह्यानं होणार नाही. 'सोडलं' तेवढं म्हणवते."

त्यांनी बटण बाकावर ठेवलं आणि त्यावर बोट टेकलं. सुईनं टोचून टोचून खरखरीत झालेलं बोट. पियूषनं आपलं बोट शेजारी ठेवलं.

"सोडलं," इंदुताई म्हणाल्या. पोहे झाले म्हणून हाक मारावी, तशाच आवाजात.

पियूषला वाटलं, झालं, संपलं. पण त्या त्याच्याकडेच बघत होत्या.

"आता तुह्यी पाळी आहे."

सूत्रधाराचा तो शब्द त्यानं किती वेळा उच्चारला होता! तोंडात पोह्यांचा घास असताना, हसत, विक्कीला चिडवत. हा नियम आपण कशाला केला, असं त्याला झालं. नियम करणारा मेला असता तर बरं झालं असतं.

"म्हण ना गा," इंदुताई हळूच म्हणाल्या. "तू म्हटल्याबिगर होत नाही."

"गेला," पियूष म्हणाला.

काचेपलीकडे रजतची छाती वर झाली, खाली बसली, आणि पुन्हा वर झाली. बटणावरचं बोट इंदुताईंनी काढलं नाही.