करंट मरत नाही म्हणे!

अंबरनाथच्या शिवमंदिराजवळच्या त्या गाळ्यासमोर ही झुंबड! रिक्षावालेसुद्धा धंदा सोडून आत माना घालत होते. ब्याण्णव-त्र्याण्णवचा काळ. कॉम्प्युटर लोकांनी पाहिलेला तो फार तर बँकेत, काचेपलीकडून. इथे तर तो चक्क मेलेल्यांच्या आवाजात बोलत होता!

"ये मशीन नहीं, ब्रेन है ब्रेन!" भगव्या सफारीतले मेंदूनाथ महाराज गरजले. "जर्मनीचा मेंदू, हिमालयाची साधना! आत्मा म्हणजे काय? करंट! करंट कभी मरता है क्या?"

लोकांनी हात जोडले. मी कपाळावर हात मारला. मी बदलापूरला, बेलवलीच्या शाळेत विज्ञान शिकवते. आमच्याकडे करंट रोज दुपारी मरतो.

मी आले होते जिजासाठी. जिजा बारवीकडच्या पाड्यावरची, आमच्याकडे धुणीभांडी करायची. नवरा धाकलू वारलेला. एकुलती एक चंद्री, आठ वर्षांची, तिला टीबी. सरकारी दवाखान्याच्या गोळ्यांनी पोर सुधारत होती, अंग धरत होती. तेवढ्यात महाराजांच्या या पेटीतून 'धाकलू' बोलला, "गोळ्या बंद कर. पेटीवरचं पाणी पाज." जिजाने गोळ्या बंद केल्या. आता चंद्रीच्या खोकल्यातून रक्त पडत होतं.

जिजा पडद्यासमोर बसली. हिरव्या रेघा नाचल्या. घोगरा आवाज आला, "जिजा... रडू नको, जिजा."

ती पदर तोंडाला लावून ऐकू लागली. माझं डोकंच फिरलं. मी सरळ पुढे झाले आणि भिंतीतला प्लग उपटला. पडदा काळा झाला.

"पाणी पाजत राहा, जिजा," आवाज चालूच!

"आयला, मशीन बंद, मग बोलतंय कोण?" एक रिक्षावाला ओरडला.

मी मागचा पडदा ओढला. एक जाड्या तोंडापुढे डालड्याचा रिकामा डबा धरून माइकवर बोलत होता. वायर टेबलाखालच्या स्पीकरला. वीज जाते म्हणून ॲम्प्लिफायर बॅटरीवर! मग कळलं, रांगेत चहा देणारी त्यांचीच बाई गोड बोलून घरचं सगळं काढून घ्यायची आणि मागच्या दाराने याला सांगायची. जर्मनीच्या मेंदूत एवढंच होतं.

लोकांनी महाराजांची कॉलर धरली. हशा पिकला. जिजा तेवढी हसली नाही.

"अगं, हा धाकलूचा आवाज नाही, एवढं कळलं नाही तुला?" मी चिडून विचारलं.

"आमच्यात घोव बायकोचं नाव नाय घेत, बाई. जल्मभर 'चंद्रीची आय' म्हनला. हितं नावानं हाक आली, तवा वाटलं, मेल्यावर मानूस मऊ होत असंल."

माझा राग कुठल्या कुठे गेला. तिच्या गळ्यात पडून मी भर गर्दीत रडले.

दुसऱ्या दिवशी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. डॉक्टरांनी शर्थ केली. पण फार उशीर झाला होता. होळीच्या आधीच चंद्री गेली.

तेव्हापासून मी वर्गात सांगते, पोरांनो, यंत्रं हुशार होत जातील. उद्या माणसासारखी विचारपूसही करतील. करू देत. पण सांगितलेलं तपासून घ्या, आणि ते सांगण्यात कुणाचा फायदा आहे ते विचारा. आवाज कितीही मायेचा असो, त्याच्या सांगण्यावरून औषध बंद करू नका. चंद्री यंदा दहावीला बसली असती.