फुलीचा खोकला

रुपाने पोत्यातून विकायची बिनधुराची शेगडी काढली, भुरीबाईच्या मातीच्या चुलीशेजारी मांडली आणि शेगडीतल्या पंख्याचं बटण दाबलं. आतल्या ढलप्या भडकल्या, पण धुराचं नाव नाही. भुरीबाई मात्र भिंतीला टेकून बसली होती, घरात परकं माणूस शिरल्यासारखी.

नंदुरबारच्या रेल्वेरुळांपलीकडची ही वस्ती भुरीबाईच्या शब्दावर चालायची. डोंगरातल्या मोलगीकडून सगळ्यांत आधी तीच इथे आली होती. तिने शेगडी घेतली की अख्खी ओळ घेणार. आणि आज एकही विकली नाही, तर शेगड्या पुरवणारे धर्मेंद्रभाऊ हे काम दुसऱ्या बाईला देणार होते. मग पुन्हा गुजरात, पुन्हा ऊसतोड, आणि शाळेत नुकती रुळलेली रुपाची निशा उसाच्या फडात. नको रे बाबा!

नियम एकच होता. शेगडी घेणाऱ्या बाईने जुनी चूल स्वतःच्या हाताने मोडायची. नाहीतर शेगडी जाते फळीवर आणि धूर काही हटत नाही. भुरीबाईचं घोडं तिथेच अडलं होतं.

"चूल ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

"मावशी, या धूरमुळेच फुली..." रुपाने जीभ चावली.

फुली म्हणजे भुरीबाईची एकुलती लेक, रुपाची जिवाची मैत्रीण. चूल फुंकताना दोघींची शर्यत लागायची. गेल्या हिवाळ्यात ती याच कोपऱ्यात खोकून खोकून गेली.

"धूर व्हयना का ती येस," भुरीबाई हळूच बोलली. "चूलना मांगे खोकस. माले ऐकू येस. धूरच नई, तं कशी येई ती?"

म्हणून बाई रोज ओली लाकडं जाळायची तर!  रुपाला उठून जावं असं वाटलं, पण निशाचं दप्तर डोळ्यांसमोर आलं. मेली लाज, असं मनाशी म्हणत तिने शेगडीवर चहाचं आधण ठेवलं.

पाणी खळखळू लागलं. घर इतकं स्वच्छ कधी दिसलंच नव्हतं. खुंटीवरची फुलीची लाल ओढणीसुद्धा दिसत होती.

तेवढ्यात थंड चुलीमागून खोकला आला. कोरडा, शेवटी ओढ लागलेला. हजारांत ओळखावा असा.

"तुलेबी ऐकू उना?" भुरीबाईने विचारलं.

रुपाने होकारार्थी मान हलवली.

लेक धुराविनाही आली, आता म्हातारी हरखेल, असं रुपाला वाटलं. पण भुरीबाईचा चेहरा पार उतरला.

"आजून खोकली ऱ्हायनी," ती पुटपुटली. "मरीसनबी खोकली ऱ्हायनी मन्ही पोर. आन् मी तिले धूरमा बलाऊ!"

ती उठली. कोपऱ्यातली कुदळ तिने उचलली आणि चुलीवर घातली. पहिल्या घावाला कड उडाली, दुसऱ्याला चूल खचली. मग कुदळ टाकून ती हातांनीच माती उपसत राहिली.

राख खाली बसली. दोघी कान देऊन बसल्या. रुळांवरून मालगाडी गेली, तिचा आवाज विरला, तरी चुलीच्या जागी काहीच नाही. रुपाला रडू आवरेना. काम वाचलं होतं, निशाची शाळा वाचली होती, आणि फुली आता कायमची गेली होती.

शेजारची शोभाबाई दारातून डोकावली. मोडलेली चूल पाहून तिने तोंडावर हात ठेवला.

"काय व्हयनं वं, भुरीमाय?"

भुरीबाईने राखेचे हात पदराला पुसले.

"बरी व्हयनी मन्ही पोर," ती म्हणाली.