आपलं माणूस आत हवं

ग्रुपला ‘पोटोबा’ हे नाव उत्कर्षानेच सुचवलं होतं. पुण्यातल्या गरोदर बायकांचा तो इंटरनेटवरचा ग्रुप, आणि साल दोन हजार सहा. कुणी हिंजवडीच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मेल लिहायची, कुणी घरी नवरा कामावर गेला की त्याच्या कॉम्प्युटरवर. भाषा मराठी, पण अक्षरं इंग्रजी. कुणाच्या ओकाऱ्या थांबत नव्हत्या, कुणाच्या सासूने पपईबरोबर पंखासुद्धा बंद केला होता. या सगळ्यांना उत्तरं द्यायची ती उत्कर्षा. पंख्याची तक्रार करणारीला तिने लिहिलं होतं, ‘सासूबाईंना म्हणावं, बाळाला आत्तापासूनच स्वेटर विणा, पण पंखा चालू ठेवा.’ त्यावर बायका दोन दिवस हसत होत्या. ती सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची नोकरी करत होती आणि लोकांच्या बोलण्यातली चूकही तिला लगेच सापडायची.

पण ही तिखट उत्कर्षा बोलताना अडखळायची, आणि थोडंथोडकं नाही. काही अक्षरं तिच्या घशात अशी रुतून बसत की समोरच्याला वाटावं, बाईला ठसका लागला. अकोल्याच्या शाळेत तिला यावरून मुलांनी सळो की पळो करून सोडलं होतं. पुढे इंजिनिअरिंगला असताना कधीतरी तिने मनाशी ठरवून टाकलं की बोलायचं ते बोलायचं, वेळ लागला तर लागला. ऑफिसच्या मीटिंगमध्ये ती आपलं वाक्य पुरं करूनच खाली बसायची. त्यामुळे ग्रुपपासून तिने काही लपवलं होतं असं नाही. लिहिताना अडखळणं दिसत नाही, एवढंच.

प्रत्यक्ष भेटायचं ठरलं तेव्हा मात्र तिच्या नवऱ्याने, योगेशने विचारलं, आधी कळवून ठेवायचं का. तो खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होता. तिथल्याच क्वार्टर्समध्ये त्यांचं बिऱ्हाड होतं. उत्कर्षाने नकारार्थी मान हलवली. आधी सांगितलं तर बिचाऱ्या चेहरा तयार करून येतील, म्हणाली. त्यापेक्षा ऐकतीलच की.

शनिवारी दुपारी शेफालीच्या घरी जमायचं होतं. शेफाली शनिवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहायची. लिफ्ट नव्हती, म्हणून तिने मधल्या वळणावर खुर्ची ठेवली होती. सातव्या-आठव्या महिन्यातल्या बायका एकेक करून त्या खुर्चीवर टेकत, धापा टाकत वर आल्या. त्यांच्या गर्दीत एक नऊवारीतली साठीची बाईही होती. ती मथुराबाई, सत्यशीलाची सासू. हिंजवडीच्या पलीकडच्या माण गावातलं हे शेतकरी घर. निम्मी जमीन आयटी पार्कात गेली, उरलेल्या निम्म्यासाठी बिल्डर दारात यायचे. सून बी. कॉम. झालेली, नववा महिना लागलेला. तिला एकटी कशी सोडायची, म्हणून सासू बरोबर आली होती.

उत्कर्षा आत आली आणि नाव सांगायला तिने तोंड उघडलं. स्वतःचं नाव तिला सगळ्यांत जड जायचं. तो सुरुवातीचा ‘उ’ काही केल्या सुटेना. बायका आधी हसऱ्या चेहऱ्याने थांबल्या, मग त्यांचे चेहरे हळूहळू बदलले. शेवटी शेफालीलाच उमगलं. ती पुढे होऊन म्हणाली, तू उत्कर्षा ना? आणि तिने तिला हाताला धरून पंख्याखाली बसवलं.

त्यानंतरचा काही वेळ अवघड गेला. सगळ्या तिच्याशी जरा जास्तच हळू बोलायला लागल्या. शेफालीचा स्वभाव मदतीचा, त्यामुळे उत्कर्षा कुठे अडली की ती पुढचा शब्द पुरवायची. उत्कर्षाला झोपेबद्दल सांगायचं होतं, तर शेफालीने तिचं वाक्य पाठदुखीवर नेऊन संपवलं. उत्कर्षाने हातातला पोह्यांचा चमचा बशीत ठेवला.

“थांब, शेफाली,” ती म्हणाली. “वाक्य माझं आहे. प... पूर्ण झालं की देते तुला.”

पहिली शेफालीच हसली, मग सगळ्याच. इतके महिने मेलमध्ये वाचलेली बाई हीच, याबद्दल कुणाच्या मनात शंका उरली नाही. गप्पा सुरू झाल्या त्या पोह्यांची कढई रिकामी झाली तरी थांबेनात.

सत्यशीला मात्र गप्प होती. तिने आठवड्यापूर्वी उत्कर्षाला वेगळी मेल पाठवली होती. पहिलं मूल मंडईजवळच्या ज्या प्रसूतिगृहात झालं तिथेच हेही व्हायचं होतं. मथुराबाईंच्या दोन्ही लेकींची बाळंतपणंही तिथलीच. डॉक्टरबाई हुशार, हाताला गुण, पण आत घरचं माणूस येऊ देत नसत. सत्यशीलाला या खेपेला सासू आत हवी होती. उत्कर्षाने स्वतःच्या डॉक्टरांकडून योगेशला आत थांबायची परवानगी मिळवली होती, हे तिने ग्रुपवर वाचलं होतं. म्हणून तिने विचारलं होतं: शनिवारी चारला माझी तपासणी आहे, तुम्ही चांगलं बोलता, माझ्याबरोबर याल का? उत्कर्षाने लगेच होकार कळवला होता.

आता साडेतीन होत आले. सत्यशीला तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि खाली बघत म्हणाली, राहू द्या ताई, तुम्हाला उगाच त्रास.

उत्कर्षाला ते लागलं. असं तिला पुष्कळांनी म्हटलं होतं, पण जिने ‘तुम्ही चांगलं बोलता’ असं लिहिलं होतं तिच्या तोंडून ते ऐकणं जड गेलं. तिने पाण्याचा पेला भरून घेतला, प्यायली.

“त्रास मला होत नाही. ऐकणाऱ्याला होतो,” ती सावकाश म्हणाली. “आणि तो झाला तर ब... बरंच आहे. माझ्या डॉक्टरांनी होकार दिला तो काही माझ्या बोलण्यावर भाळून नाही. मी खुर्चीवरून उठलेच नाही. तू नको म्हणालीस तर येणार नाही. पण माझ्या त्रासाचं क... कारण देऊ नकोस.”

दारात मथुराबाई उभ्या होत्या. त्यांनी पदर खोचला. “चला की मग,” त्या म्हणाल्या. “रिक्षा बघते.”

रिक्षात तिघी दाटीवाटीने बसल्या. मथुराबाई सांगत होत्या की बिल्डरला आपण तीन वर्षं दारात उभं केलं, पण या डॉक्टरबाईंपुढे आपली जीभ टाळूला चिकटते. शिकलेलं माणूस, त्यात दोन्ही लेकींचा जीव तिच्या हातात होता, कसं बोलणार? उत्कर्षा ऐकत होती. खरं तर तिलाही धाकधूक होती. स्वतःसाठी भांडताना हरलं तर आपलंच जातं. इथे बिघडलं असतं तर ते सत्यशीलाचं बिघडणार होतं.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या, चष्मा नाकावर आणलेल्या. तिघी एकदमच आत गेल्या; बाहेर बाकावर बायका खोळंबल्या होत्या. डॉक्टरबाईंनी सत्यशीलाला तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटसाठी घंटीकडे हात नेला. सत्यशीलाने उत्कर्षाकडे पाहिलं.

“प्र...” उत्कर्षाने सुरुवात केली.

“प्रेशर? प्रेशर नॉर्मल आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“प्र...”

“प्रवास? नवव्या महिन्यात अजिबात नाही.”

उत्कर्षाने तळहात किंचित वर केला आणि तसाच ठेवला. तिने नजर हटवली नाही, माफीचं हसू हसली नाही. डॉक्टरबाईंचा हात घंटीवरून खाली आला.

“प्रसूतीच्या वेळी हिच्या सासूबाई आत हव्यात,” ती म्हणाली. वाक्य पुरं व्हायला बराच वेळ लागला, पण ते तिचंच होतं.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. इथे ती पद्धत नाही, असं त्यांनी सांगितलं. उत्कर्षाने कारण विचारलं. कारणं खरी होती, आणि डॉक्टरबाईंनी ती मोकळेपणाने सांगितली. नातेवाईक जंतू घेऊन येतात. पेशंटपेक्षा मोठ्याने रडतात. एकदा एका मामींना चक्कर आली, तेव्हा बाळंतिणीला सोडून त्यांना उचलावं लागलं. उत्कर्षाने एकेक ऐकून घेतलं आणि त्याच क्रमाने उत्तर दिलं. कोपरापर्यंत हात धुतील. तुम्ही द्याल तो गाऊन घालतील. एकच बाई, उशाशी बसेल, आणि तुम्ही जा म्हणालात की त्या क्षणी बाहेर. प्रत्येक वाक्य वाटेत दोन-तीनदा अडत होतं. बाहेर कुणीतरी जोरात खाकरलं. डॉक्टरबाईंनी दाराकडे पाहिलं, पण उत्कर्षा बोलायची थांबली नाही.

“तुम्ही एवढं बोलताय,” शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, “पण बाळंतपण यांचं आहे. या काहीच बोलत नाहीयेत. यांना खरंच हवंय, की सासूबाईंना?”

उत्कर्षाने सत्यशीलाकडे पाहिलं आणि ती मागे रेलली. आपलं काम इथवरच होतं, हे तिला कळलं.

सत्यशीलाच्या ओठांवर घाम आला होता. “मलाच हवंय,” ती म्हणाली. “मागल्या खेपेला बाळ झालं ते लगेच रडलं नाही. सगळे त्याच्याकडे धावले, ते बरोबरच होतं. पण मला कुणी काही सांगेना. मला वाटलं गेलं. मी तशीच पडून होते. कुणाला विचारू? पोरगं रडल्यावर सगळे हसले, पण मधला तो वेळ माझा मलाच माहीत, मॅडम.”

मग मथुराबाई बोलल्या.

“मी भाईर बाकावर हुते. आत्या, आत्या करून ही मला हाका मारत हुती, आन मला ऐकू येत हुतं. दाराशी गेले, तर आयानं मागं लोटलं. सख्ख्या आईवानी हाक मारलेली हाय हिनं, बाई. तवापासून मला ते दार दिसतं.”

बाळाला श्वास देताना आपलं सगळं लक्ष बाळात होतं, हे डॉक्टरबाई म्हणाल्या नाहीत. म्हणायची गरजही नव्हती. “मला हे कुणी सांगितलं नव्हतं,” एवढंच म्हणाल्या. मग चष्मा लावून त्यांनी मथुराबाईंकडे पाहिलं. “एकट्या तुम्हीच. हातातल्या बांगड्या काढून यायचं.”

“बांगड्या न्हाई काढायची मी,” मथुराबाई म्हणाल्या. “मालक हायेत माझे, अजून शेतावर जात्यात.”

“मग वर सरकवून बांधा. आणि मध्ये एक शब्द बोलायचा नाही.”

“न्हाई बोलत.”

हे वचन काही पाळलं जाणार नाही, असं उत्कर्षाला तेव्हाच वाटलं, पण तिने तोंड मिटून ठेवलं.

बाहेर आल्यावर सत्यशीला रस्त्याच्या कडेला उभी राहून आधी रडली आणि मग तिला भूक लागली. मंडईच्या कोपऱ्यावर तिघींनी उसाचा रस घेतला. मथुराबाईंनी पेला खाली ठेवला आणि न घुटमळता विचारलं की उत्कर्षाचं बाळही तिच्यासारखंच अडखळत बोललं तर काय. सत्यशीलाने सासूचा दंड दाबला. पण उत्कर्षाला राग आला नाही. हा प्रश्न योगेशने विचारला नव्हता, तिच्या आईने विचारला नव्हता. आठ महिने तो फक्त तिच्याच मनात होता. कुणीतरी तो एकदाचा उघड्यावर आणला.

“बोलू शकतं तसं,” ती म्हणाली. “मला भीती वाटते. शाळेत त्याला त्रास द... देतील, मला दिला तसा. पण माझ्या घरी मला कुणी थ... थांबून ऐकलं नाही. त्याला ऐकणारी घरात असेल.”

मथुराबाईंनी मान डोलावली आणि रसवाल्याला आणखी एक पेला करायला सांगितलं, उत्कर्षासाठी, बिनबर्फाचा.

पंधरवड्यात सत्यशीलाला मुलगी झाली. मथुराबाई गाऊन घालून, बांगड्या कोपरापर्यंत बांधून उशाशी बसल्या. त्या बोलल्याच. डॉक्टरबाईंनी दोनदा दटावलं, पण बाहेर काढलं नाही. मुलगी पहिल्या झटक्यात रडली. सत्यशीलाने हे सगळं ग्रुपवर लिहिलं, तेव्हा तिघीजणी आपापल्या डॉक्टरांकडे बोलायला गेल्या. शेफालीला होकार मिळाला, दुसरीला नकार, तिसरीला ‘बघू’. नकार मिळालेलीने डॉक्टर बदलला.

उत्कर्षाच्या वेळी योगेश आत होता. रोज कारखान्यात तोफगोळे तपासणारा माणूस, पण तासाभरात पांढराफटक पडला आणि नर्सने त्याला स्टुलावर बसवलं. मुलगा झाला. उत्कर्षा घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मथुराबाई नात, सून आणि डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन माणहून थेट खडकीला आल्या. सत्यशीलाने आपली मुलगी पाळण्यात त्याच्या शेजारी ठेवली. उत्कर्षा उशीला टेकून बसली आणि अगदी सुरुवातीपासून, काही न गाळता, आपल्या बाळंतपणाची हकिकत सांगायला लागली. सांगून होईस्तोवर संध्याकाळ झाली. मधल्या वेळात योगेशने दोनदा चहा केला.